शेजारचा प्लॉट उंच असेल तर गॅबियन घ्यावं का? हद्दीवरच्या दगडी पेट्यांचा आढावा

वस्तू: दुहेरी पिळाच्या षटकोनी जाळीची गॅबियन पेटी. जाळी घडी करून गठ्ठ्याने येते, जागेवर उघडून तिची पेटी करायची आणि आत दगड रचायचा.
काम: शेजारची जमीन दीड ते तीन मीटर उंच असताना हद्दीवर तिची माती धरून ठेवणं.
कोणासाठी: कोकणातले उताराचे प्लॉट, पुण्यातल्या टेकड्यांच्या पायथ्याचे बंगले आणि जिथे वरच्या प्लॉटवाल्याने भराव टाकून अंगण सपाट केलंय असा कोणताही खालचा शेजारी.

आधी निकाल. पाणी सोडण्यात गॅबियनला पैकीच्या पैकी गुण. मजबुतीला चांगले गुण, पण दगड हाताने रचला तरच. जागेच्या हिशोबात मात्र जेमतेम पास, आणि छोट्या प्लॉटवर सरळ नापास. हद्दीला लागून अडीच मीटर रुंदीची पट्टी सोडायची तयारी नसेल तर पुढचं सगळं वाचून शेवटी आरसीसीकडेच वळावं लागेल.

ही भिंत कशाशी झगडते ते पाहिल्याशिवाय पेटीचा दर्जा ठरवता येत नाही. तीन मीटर उंचीची, मुरमासारखी सुटी आणि कोरडी माती भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा आडवा रेटा देते. त्याच मातीत वरपर्यंत पाणी साचलं की रेटा दुपटीच्याही पुढे, सहा टनांच्या आसपास जातो. उंचीचा हिशोबही सरळ नाही. दोन मीटरची भिंत तीन मीटर केली की रेटा सव्वादोन पट होतो आणि भिंत उलथवणारा जोर तिप्पटीहून जास्त. म्हणून ‘अजून दोन फूट चढवून टाका’ हे वाक्य ऐकलं की गवंड्याचा हात तिथेच धरायचा.

आता आपल्याकडे सर्रास बांधतात ती दीड फुटाची, सरळ उभी, सिमेंटात बांधलेली काळ्या दगडाची भिंत घ्या. उंची तीन मीटर धरली तर तिचं वजन मीटरला सव्वातीन टन भरतं, पण जाडी कमी असल्याने उलथण्याला तिचा विरोध कोरड्या मातीच्या जोराच्या जेमतेम चौथा हिस्सा. म्हणजे कागदावर ती पहिल्याच दिवशी पडायला हवी. मग इतक्या भिंती उभ्या कशा? कारण मार्चमध्ये खोदलेली मुरमाची किंवा जांभ्याची कड कोरडी असते आणि स्वतःच्या चिकटपणावर उभी राहते. भिंतीवर तेव्हा काही भार नसतोच. भार येतो जुलैत, कड भिजून सुटली की. जांभ्याखालच्या पांढुरक्या-गुलाबी चिकणमातीत हे फारच फसवं असतं. उन्हाळ्यात कुदळ लागत नाही आणि पावसात हाताने लगदा निघतो. 29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्यात उंचावरच्या सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, 15 जण गेले. हद्दीवरच्या भिंतीकडे ‘कंपाउंड’ म्हणून बघायची सवय किती महाग पडते, ते तिथे दिसलं.

गॅबियनचा खरा गुण इथेच आहे. पेटीतल्या दगडांमध्ये 30 ते 40 टक्के पोकळी राहते, त्यामुळे पाणी मागे तुंबत नाही, दर्शनी बाजूने पाझरून जातं. सिमेंटच्या भिंतीला पाझरासाठी पाइप टाकावे लागतात, ते बुजतात, कित्येकदा तर प्लास्टर करताना गवंडीच लिंपून टाकतो. इथे तो प्रश्नच नाही. शिवाय पाया थोडा बसला तर पेटी वाकते, तडकत नाही. क्युरिंग नाही, सेंट्रिंग नाही, आणि काम संपल्या दिवसापासून भिंत पूर्ण ताकदीची.

विकत घेताना

बाजारात गॅबियन म्हणून तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली दुहेरी पिळाची षटकोनी जाळी, घाटरस्त्यांवर आणि नदीकाठी दिसते ती. हिच्यासाठी आयएस 16014 हे मानक आहे. दुसरी वेल्डमेशची चौकोनी जाळी. ती दिसायला रेखीव, बंगल्याच्या दर्शनी भागाला छान, पण पाया बसण्याची शक्यता असेल तिथे नको, कारण वेल्ड सुटायला लागले की ओळीने सुटतात. तिसरी म्हणजे कुंपणाची चेनलिंक जाळी शिवून केलेली पेटी. ही घेऊच नका. परीक्षा सोपी आहे. नमुन्याच्या तुकड्यातली एक तार पक्कडीने तोडा आणि जाळी ताणा. दुहेरी पिळाची जाळी तेवढ्याच भोकावर थांबते, चेनलिंकची अख्खी ओळ उसवते.

जाळीचं भोक साधारण 100 बाय 120 मिमी, जाळीची तार 2.7 मिमी, कडेची 3.4 आणि बांधायची 2.2. हे आकडे कोटेशनवर लिहून घ्या आणि माल उतरवताना व्हर्नियरने मोजा. 2.7 ऐवजी 2.2 ची तार आली तर पोलाद थेट एक तृतीयांशाने कमी होतं, आणि नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. पीव्हीसी कोटिंगच्या मालात फसवणुकीची आणखी एक जागा आहे. कोटिंग अर्ध्या मिलिमीटरचं असतं, म्हणून 2.7 ची तार कोटिंगसकट 3.7 भरते. ‘तीन पॉइंट दोनची तार आहे साहेब’ असं विक्रेता म्हणाला तर आत 2.2 आहे असं समजायचं. कोटिंग खरवडून मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जस्ताचा थर या जाडीच्या तारेवर चौरस मीटरला 240 ग्रॅमच्या आसपास हवा. साध्या जीआय तारेवर तो फार कमी असतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, म्हणजे किनारपट्टीच्या गावांत, नुसतं जस्त पुरत नाही, तिथे जस्त-ॲल्युमिनियमचा थर आणि वर पीव्हीसी घ्या. घाटमाथ्यावर आणि देशावर चांगलं जस्त चालतं. शेजारच्याचा शोषखड्डा हद्दीजवळ असेल तर मात्र देशावरही पीव्हीसीच घ्या. ते पाणी तारेचं वाटोळं करतं.

दगड किती लागतो

15 मीटर, म्हणजे साधारण 50 फुटांची हद्द धरू. भिंत एकूण तीन मीटर, त्यातला अर्धा मीटर जमिनीत, म्हणजे अडीच मीटर दिसणारी. तीन थर लागतात. तळाला 2 मीटर रुंद, मध्ये दीड, वर एक. मीटरला साडेचार घनमीटर, म्हणजे 15 मीटरला साडेसदुसष्ट घनमीटर, जवळपास 24 ब्रास. नासधूस आणि वरचा भर धरून 26 ब्रास मागवा. पेट्या: तळाला 2×1×1 मीटरच्या 15 आडव्या टाकायच्या, मध्ये 1.5×1×1 च्या 15, वर 2×1×1 च्या 7 हद्दीच्या लांबीने आणि एक मीटरची 1. एक मीटरपेक्षा लांब पेटीत मध्ये जाळीचा पडदा असायलाच हवा. स्वस्त मालात तो गायब असतो आणि मग दगड एका बाजूला सरकतो.

दगड काळाच हवा, 100 ते 250 मिमीचा, कोनदार. नदीतला गोटा एकमेकांत अडकत नाही, पेटी पोटातून फुगते. जांभ्याचा तुकडा पाण्यात झिजतो आणि वजनालाही हलका. कोकणात चिरेखाणीवरचा चुरा फुकट मिळतो म्हणून तोच भरून देणारे ठेकेदार आहेत. ती गॅबियन नव्हे, जाळीत कोंडलेली माती झाली. जाळीच्या भोकापेक्षा लहान खडी दर्शनी भागात तर अजिबात नको, पहिल्या पावसात अंगणात येते.

हे वजन पुरतं का? पोकळी धरून गॅबियनचं वजन घनमीटरला पावणेदोन टनांच्या जवळपास, म्हणजे मीटरला साडेसात-पावणेआठ टन. तळाच्या घर्षणाने सरकण्याविरुद्धचा गुणक, म्हणजे घर्षणाचा विरोध भागिले मातीचा रेटा, कोरड्या मातीत 1.7 च्या आसपास येतो, दीड असला की पुरे. पण वरच्या प्लॉटवर हद्दीला लागून मोटार उभी राहत असेल, तर तिच्या भाराने मीटरला एक टनाचा रेटा वाढतो आणि तोच गुणक सव्वावर येतो. अशा ठिकाणी तळ अडीच मीटर करायचा किंवा पाया आणखी खोल न्यायचा. ठेकेदाराने शेजारच्या अंगणात काय आहे हे बघितलंच नाही, तर त्याचा हिशोब झालेला नाही असं धरून चाला.

काम कसं व्हावं

खोदाईच्या आधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात ठेवा. शेजारच्याचं कुंपण हद्दीवर आहे असं मानणं हा गावोगावच्या दाव्यांचा उगम आहे.

भिंत मातीच्या बाजूला सहा अंश कललेली ठेवायची, म्हणजे मीटरला दहा सेंटिमीटर. हे करताना एक चूक हमखास होते. तळाची पेटी हद्दीला चिकटवून टाकतात आणि वर येता येता भिंतीचं डोकं शेजारच्या जमिनीत 30 सेंटिमीटर शिरतं. म्हणून तळाची मागची कड हद्दीपासून 30 सेंटिमीटर आत घ्यायची आणि मागच्या पाचरीत 40 मिमी खडी भरायची. आता जागेचा हिशोब करा. दोन मीटर तळ, 30 सेंटिमीटर कल, पुढे 30 सेंटिमीटरचं गटार: एकूण 2.6 मीटर. 15 मीटर हद्दीवर 420 चौरस फूट, गुंठ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. ब्रोशरमधल्या फोटोत ही जमीन कधी दिसत नाही. पायऱ्या आपल्या बाजूला ठेवल्या तर तळाची पायरी जमिनीपासून अर्धा मीटर वर येते, बसायला कट्टा होतो. गेलेल्या जागेतलं तेवढंच परत मिळतं.

सगळ्यात धोक्याचा टप्पा भिंत नसतानाचा. जेसीबी एका दिवसात अख्खी हद्द उभी कापून जातो आणि मग दगडाच्या गाड्या आठवडाभर येत नाहीत. तसं करू नका. तीन-चार मीटरचा एक हप्ता खोदायचा, शेजारचा सोडायचा, पुढचा खोदायचा. खोदलेल्या हप्त्यात तळाचे दोन थर तरी आल्याशिवाय सोडलेल्या हप्त्याला हात लावायचा नाही. काम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलपर्यंत संपवायचं. शेजारच्या इमारतीच्या पायाच्या तळापासून 45 अंशात खाली रेघ ओढली आणि तुमची खोदाई त्या रेघेच्या आत येत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय कुदळ मारू नका.

पाया मूळ जमिनीत, भरावात नाही. वर 150 मिमी मुरूम किंवा खडी ठोकून कलासकट सपाट करायची. रिकाम्या पेट्या आधी एकमेकींना सलग तारेने शिवायच्या, दर 10 ते 15 सेंटिमीटरला एकेरी आणि दुहेरी वेढा आलटून पालटून. फक्त कोपऱ्यांना गाठी मारून पुढे जाणारा मजूर वेळ वाचवतो, जोड मात्र उघडा राहतो. दर्शनी बाजूला फळ्या किंवा परांचीचे पाइप बांधून जाळी सरळ रेषेत धरायची. मग साधारण 33 सेंटिमीटरचा थर हाताने रचायचा, मोठा सपाट दगड बाहेर, लहान आत. त्यावर पुढची आणि मागची जाळी जोडणारे आडवे तारेचे ताण बांधायचे, मीटरला निदान दोन. पुन्हा थर, पुन्हा ताण, मग तिसरा थर. वर दोन-तीन सेंटिमीटर जास्त भरून झाकण ताणून शिवायचं, कारण दगड बसतो.

पोट सुटलेली गॅबियन तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. तिथे जेसीबीच्या बकेटने दगड ओतलेला असतो आणि ताण बांधलेले नसतात. जाळीचा दोष त्यात क्वचितच. कामावर कुणाचं लक्ष असेल तर ते या एका गोष्टीवर असावं.

मागच्या बाजूला नॉनवोव्हन जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं आणि माती अडवणारं कापड, चौरस मीटरला 200 ग्रॅमचं, जोडावर 30 सेंटिमीटर चढवून. हे विसरलं तर भिंत धडधाकट राहते, पण शेजारच्याची माती पाझरासोबत तुमच्या अंगणात येत राहते आणि दोन पावसाळ्यांनी त्याच्या फरशीखाली पोकळी होते. ताडपत्री किंवा सिमेंटच्या गोण्या हा त्याला पर्याय नाही, त्या पाणीच अडवतात. मागचा भराव मुरमाचा, 20 सेंटिमीटरच्या थरांनी, भिंतीपासून मीटरभर अंतरात फक्त छोट्या प्लेट कॉम्पॅक्टरने. काळी माती भरायची नाही, ती भिजली की फुगते आणि भिंतीला ढकलते.

दुसरं काय मिळतं

रेडिमेड कंपाउंडचे सिमेंटचे पत्रे आणि खांब मातीला टेकवायचेच नसतात, एक फूटभरसुद्धा नाही. चिऱ्याचं कंपाउंड कॉलम-बीम टाकून केलं तरी मधला चिरा आडव्या रेट्याला उभा राहत नाही, मीटरच्या वर नको. गडगा, म्हणजे बिनचुन्याचा कोरडा दगडी बांध, पाणी सोडण्यात गॅबियनइतकाच चांगला. चार फुटांपर्यंत उत्तम आणि स्वस्त, रचणारा मात्र जुना हवा. ब्लॉकची भिंत आणि मागे जिओग्रिड (मातीत आडवी अंथरायची प्लास्टिकची जाळी) ही पद्धत रस्त्यांच्या भरावाला छान आहे. पण जिओग्रिडचे पट्टे उंचीच्या सत्तर टक्के मागे जातात, म्हणजे तीन मीटरला दोन मीटर शेजारच्याच्या जमिनीत. तो आपली बाग उकरू देणार असेल तरच विचार करा.

आरसीसी हा खरा प्रतिस्पर्धी. त्याची अडचण अशी की नेहमीच्या नकाशात तळाचा बराचसा भाग मातीच्या बाजूला असतो आणि वरची मातीच भिंतीला दाबून धरते. हद्दीवर तो भाग शेजाऱ्याच्या जमिनीत येतो. मग तळ उलटा, आपल्या बाजूला घ्यावा लागतो. मातीचं वजन मदतीला येत नाही, भिंत सरकायला बघते, म्हणून तळाखाली जमिनीत रुतणारी काँक्रीटची खोल दाढ ठेवावी लागते. मुख्य सळई मातीच्या बाजूने उतरून तळाशी आपल्या प्लॉटकडे वळलेली हवी. ती दर्शनी बाजूला बांधलेल्या भिंती सापडतात, आणि काँक्रीट ओतल्यावर कुणालाच काही कळत नाही. किनाऱ्याजवळ एम 30 काँक्रीट, मागे 30 सेंटिमीटर खडीचा पडदा, दर दीड मीटरला 75 मिमीचे पाझर-पाइप. इतकं सगळं नीट झालं तर आरसीसीचा फायदा मोठा: तळावर माती टाकून अंगण वापरता येतं. तीन गुंठ्यांच्या आतल्या प्लॉटवर म्हणूनच आरसीसी, खर्च जास्त असला तरी.

खर्च कुणी करायचा यावर शेजाऱ्यांचं कधी एकमत होत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या सातव्या कलमातल्या उदाहरणानुसार, नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला लगतच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे तुम्ही खाली खोदून वरच्याचा आधार काढलात तर जबाबदारी तुमच्यावर येते. पण वरच्याने भराव टाकून किंवा बांधकाम करून बोजा वाढवला असेल, तर ती जमीन ‘नैसर्गिक’ उरत नाही आणि हा हक्क त्याला तसाच लागू पडत नाही. आधी कोणी काय बदललं याचे जुने फोटो आणि मोजणीचे नकाशे जपून ठेवा, आणि वकिलाकडे ते घेऊनच जा.

गॅबियन बसवली तर पहिल्या पावसाळ्यात दोनदा बघा. दर्शनी भागात दोन-तीन सेंटिमीटरचा फुगवटा चालतो, दगड जागेवर बसताना येतोच. पाचच्या पुढे गेला किंवा एकाच पेटीत आला तर ताण सुटलाय, झाकण उघडून वरचा दगड काढून पुन्हा बांधावं लागतं, आणि ठेकेदाराची शेवटची रक्कम तोपर्यंत अडकवून ठेवलेली बरी. पाझराचं पाणी स्वच्छ हवं. गढूळ आलं तर मागचं कापड कुठेतरी फाटलंय. पिंपळ-वडाची रोपं बोटभर असतानाच उपटा, मूळ जाळीत शिरल्यावर ती निघत नाहीत. आणि पायथ्याचं गटार पुढेमागे खोल करायचं ठरलं तर पाया तिथेच, अर्ध्या मीटरवर संपतो हे जेसीबीवाल्याला आधी दाखवा.